ग्लिसरीनवर उगवेल का?

अहवाल चार पानांचा होता, एका आजारी मुलीच्या जनुकीय तपासणीचा. तिसऱ्या पानावरच्या एका ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनाने दोनदा रेघ ओढली होती, दुसऱ्यांदा इतका जोर देऊन की ती मागच्या बाजूला उमटली होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी ओढली असेल, नाहीतर गावाकडे ज्याने तो वाचून दाखवला त्याने. ओळीचा मतलब एवढाच, की मुलीच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल सापडलाय. आजार त्याच्यामुळे आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. हा अहवाल माझ्यापुढे आला तो एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, लोखंडी टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. माझा चुलत भाऊ तिथे शिफ्ट केमिस्ट आहे. गाळप जोरात होतं, आणि "ताई, एवढी जवळ आलीस तर येऊन जा की, तुझीच लेकरं हायत टाक्यांत" असं म्हणून त्याने मला बोलावलं होतं. मुलीचे वडील तिथे फर्मेंटरवर, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीवर, ऑपरेटर. भावाने ओळख करून देताना सहज सांगितलं, की ताईची पीएचडी यीस्टवर आहे, यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियावर. ते गृहस्थ जरा थबकले. मग डब्याच्या पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधला अहवाल काढला. रोज बरोबर आणत असावेत. "मॅडम, ह्याच्यात बी त्येच लिवलंय, मायटोकॉन्ड्रिया. तुमी त्याच्यावरच शिकलात म्हणं. मग लेकराला जे झालं ते ह्याच्यानंच झालं का, येवढंच सांगा."

वाचून कळवते म्हणाले. त्यांनी मान हलवली, काचेतून बाहेरच्या टाक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पर ह्ये यीस्ट काय सांगणार माणसाचं?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. एसटीत बसल्यावर अहवालाच्या आधी तो प्रश्नच डोक्यात फिरायला लागला, आणि बरेच दिवस फिरत राहिला.

डिस्टिलरीचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. मळीचा करपट गोडवा, त्यात आंबूस झाक, आणि वारा फिरला की स्पेंट वॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याचा, तो दुसरा वास, जो कपड्यांतून एका धुण्यात निघत नाही. फर्मेंटरच्या वर चढून पाहिलं तर तपकिरी फेस हळूहळू वर येतो, फुटतो, पुन्हा येतो. खाली विस्तव नाही तरी आत सतत बारीक खदखद चालू असते. "डोकं लय आत घालू नको, गॅस असतो," भाऊ म्हणाला. त्याचं काम मी समजून घेतलं. मळी पातळ करून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, जुळवायचा, यीस्ट सोडायचं, तापमान चढू द्यायचं नाही. यीस्ट वाढवताना सुरुवातीला त्यात हवा फुंकतात. संख्या पुरेशी झाली आणि माल मोठ्या टाकीत गेला की मग हवा नको. "ह्यांनी दम घेतला की माझी साखर वाया," तो म्हणाला. त्याच्या बाजूने ते अगदी खरं आहे. यीस्ट पुरता श्वास घ्यायला लागलं की साखरेचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं, स्वतःसाठी कितीतरी पट ऊर्जा काढतं, आणि भावाच्या हाती काही लागत नाही. श्वासाविना जगणारं यीस्ट साखर अर्धवट मोडतं आणि राहिलेली ऊर्जा अल्कोहोलच्या रूपात बाहेर टाकतं. ते अल्कोहोल टँकरमधून जातं, पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, कारखान्याचं वर्ष त्यावर निघतं. माझी उमेदीची वर्षं मात्र यीस्टने श्वास घ्यावा, आणि घेतला नाही तर का घेतला नाही, हे बघण्यात गेली. एका घरातली आम्ही दोघं एकाच जिवाकडून उलट्या अपेक्षा ठेवून पोट भरतो.

लातूरच्या शिकवणीतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय. पेशीचं पॉवरहाऊस, असं तो डोळे न उघडता सांगेल. मीही ते तसंच पाठ केलं होतं. माझं बालपण अंबाजोगाईत गेलं, त्यामुळे पॉवरहाऊस म्हटलं की परळीची धुराडी डोळ्यांपुढे यायची. त्या धुराड्यांना इतकं गृहीत धरलं होतं, की २०१५ साली पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले तेव्हा आता अंधारच होणार असं आमच्या गल्लीतल्या अनेकांना वाटलं. झाला नाही. भारनियमन होतं तेवढंच राहिलं. वीज दुसरीकडून येत होती. यीस्टचं नेमकं हेच आहे. त्याचं पॉवरहाऊस बंद पडलं तरी साखर असेपर्यंत ते दुसऱ्या वाटेने, आंबवण्यावर, जगत राहतं. जरा हळू, जरा खुरटं, पण जगतं. ही उपमा मी वर्गात वापरते. ती कुठे तुटते तेही सांगते, पण ते पुढे.

खुरटं म्हणाले त्याचीही एक गोष्ट आहे. बोरिस एफ्रुसी हा रशियात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये स्थिरावलेला संशोधक. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पावाच्या यीस्टवर ॲक्रिफ्लेविन नावाचं पिवळट-नारिंगी रंगद्रव्य वापरून पाहिलं. एकेका पेशीपासून वाढून बशीत जो ठिपका दिसतो त्याला वसाहत म्हणतात. नेहमीच्या टपोऱ्या वसाहतींऐवजी जवळपास सगळ्याच बारक्या उगवल्या. त्यांना 'पेटीट' (फ्रेंचमध्ये 'छोटं') नाव पडलं आणि जगभर तेच चालतं. रंगद्रव्य न घालताही शंभरात एखादी अशी बारकी वसाहत उगवतेच. ही पिल्लं आजारी नव्हती, उपाशी नव्हती. साखर होती तोवर वाढली, आणि साखर संपल्यावर बाकीच्यांनी तयार झालेलं अल्कोहोल श्वासाच्या जोरावर खायला घेतलं, तेव्हा ही जागच्या जागी थांबली. त्यांना श्वास घेताच येत नव्हता. आणखी विचित्र गोष्ट अशी, की यातल्या बहुतेक बारक्या यीस्टचा धडधाकट यीस्टशी संकर केला तर पुढची सगळी प्रजा धडधाकट निघायची. मेंडेलच्या वाटाण्यांचा कुठलाच हिशेब लागू पडेना. म्हणजे बिघाड केंद्रकात नव्हता, बाहेर कुठेतरी होता. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते १९६३-६४ च्या सुमारास कळलं, आधी कोंबडीच्या भ्रूणात, आणि पाठोपाठ व्हिएन्नात गॉटफ्रीड शाट्झ आणि सहकाऱ्यांना यीस्टमध्ये. बशीत काहीतरी बारीक दिसतंय, एवढ्यावरून एफ्रुसीने विचारलेला प्रश्न पंधराएक वर्षं उत्तराची वाट बघत बसला होता.

मला स्वतःला पेटीट पहिल्यांदा दिसलं ते रंगामुळे. प्रयोगशाळांत यीस्टचा एक वाण सर्रास वापरतात. त्यात एडीई-२ हे जनुक बिघडलेलं असतं आणि त्याच्या वसाहती विटकरी गुलाबी होतात. हा रंग चढायला श्वास लागतो. त्यामुळे गुलाबी वसाहतींच्या गर्दीत मधूनच एखादा पांढराफटक ठिपका दिसला की समजायचं, ह्याचा श्वास गेलेला आहे. इन्क्युबेटरचं दार उघडल्यावर येणारा तो उबदार, बेकरीच्या मागच्या दारासारखा वास आणि बशीतले ते गुलाबी-पांढरे ठिपके, एवढ्यावर मी वाहवत गेले होते, हे आता या वयात सांगायला हरकत नाही.

आणि मग ग्लिसरीन.

आमच्याकडे थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या की आई ग्लिसरीनमध्ये गुलाबपाणी घालून लावायची. मेडिकलमधली ती छोटी बाटली, तिचं चिकट झाकण, जिभेवर चुकून आलं तर लागणारी जड गोडी. यीस्टच्या अभ्यासात हेच ग्लिसरीन कसोटी आहे. ते आंबवता येत नाही. त्यावर जगायचं तर श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया धड असावाच लागतो. एका बशीत ग्लुकोज, दुसरीत ग्लिसरीन. दोन्हींवर त्याच यीस्टचे थेंब, डावीकडून उजवीकडे दहापट, शंभरपट, हजारपट विरळ करत ठेवायचे आणि तीस अंशांवर सोडून द्यायचे. ग्लुकोजवर दोन दिवसांत उगवतं. ग्लिसरीनवर वाट बघावी लागते, आणि त्या वाट बघण्यातच सगळं आहे. दोन्हीकडे उगवलं, तर आपण जे जनुक काढलं त्याचा श्वासाशी फारसा संबंध नाही. ग्लुकोजवर उगवलं आणि ग्लिसरीनवर कोरडं राहिलं, तर ते प्रथिन श्वासाच्या यंत्रणेत कुठेतरी आहे. कुठे, ते मग शोधायचं. मराठवाड्यात यात एक अडचण येते जी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते आणि साधा इन्क्युबेटर गरम करू शकतो, गार करू शकत नाही. तीस अंश आणायचे कुठून? काही बिघडलेली यीस्ट पंचवीस अंशांना तग धरतात आणि सदतीसला मरतात. असे प्रयोग आमच्या कॉलेजात उन्हाळ्यात अर्धे आपोआप होतात, उरलेल्या अर्ध्यासाठी बर्फ लागतो.

वडिलांच्या प्रश्नाला मी मनातल्या मनात जे उत्तर जुळवत होते ते इथून सुरू होतं. यीस्टच का? ते लवकर वाढतं, स्वस्त आहे, १९९६ साली त्याचा पूर्ण जीनोम वाचून झाला आणि केंद्रक असलेल्या सजीवांत तो पहिलाच होता, जनुकं साधारण सहा हजार, त्यातलं हवं ते काढता येतं. हे सगळं खरं आणि प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतं. पण असली कारणं कितीतरी जिवाणूंनाही लागू पडतील. खरं कारण भावाच्या टाकीत आहे. यीस्ट श्वासाशिवाय जगतं, म्हणून त्याचा श्वास मोडून बघता येतो. माणसाच्या शरीरात अशी मोडतोड झाली तर एक तर जीव जन्मालाच येत नाही, किंवा येतो आणि मग आपण काही विचारायच्या आत हातातून निसटतो. उंदराचंही फार वेगळं नाही. मेलेल्या पेशीला विचारण्यासारखं काही उरत नाही. सगळंच बिघडलेलं असतं, पहिल्यांदा काय बिघडलं ते कळत नाही. यीस्ट मात्र तो एक भाग काढल्यावरही ग्लुकोजवर जिवंत राहतं, आणि त्याला उघडून बघता येतं, की बाबा रे, नेमकं कुठे अडलंय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर त्झागोलॉफने अशी श्वास गेलेली यीस्ट वर्षानुवर्षं जमवली आणि त्यांची दोनशेहून अधिक गटांत वाटणी केली, एक गट म्हणजे एक जनुक. एवढ्या गोष्टी धड असाव्या लागतात, तेव्हा कुठे एक पेशी श्वास घेते. मला ही यादी पहिल्यांदा वाचताना भीती वाटली होती. अजूनही वाटते.

ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रिया स्वतः बनवत नाही. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जेमतेम आठ प्रथिनांचा नकाशा बाळगून असतो, माणसाचा तेरा. बाकीची हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर तयार होतात आणि एकेक करून आत ओढून घेतली जातात. बहुतेकांच्या एका टोकाला पत्ता चिकटवलेला असतो. तो वाचणाऱ्या आणि प्रथिन आत घेणाऱ्या झडपांची पुष्कळशी ओळख यीस्टनेच करून दिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर चांगलं काम होतं. म्हणूनच मायटोकॉन्ड्रियाचा आजार आईकडूनच येतो, हे अर्धंच खरं. त्याच्या स्वतःच्या डीएनएत बिघाड असेल तर आईकडून. पण हजारभर प्रथिनांची जनुकं केंद्रकात आहेत, ती आईबाप दोघांकडून येतात. त्या ऑपरेटरच्या घरात सासूने सुनेला याच वाक्याने धारेवर धरलं होतं, कुठल्याशा मोबाईल व्हिडिओत ऐकून. आणि मुलीच्या आईबापांचं लग्न नात्यातलं, आत्या-मामाच्या मुलांचं. आपल्याकडे त्यात नवल ते काय. अहवालात स्पष्ट होतं, की तो बदल मुलीच्या दोन्ही प्रतींत आहे. म्हणजे तो बहुधा दोन्हीकडच्या एकाच आजा-आजीकडून खाली आलाय. कुणाच्या माहेराकडून आला यावर वर्षभर भांडण चाललेलं, आणि माहेर-सासर एकच.

यीस्ट माणसाचं काय सांगतं, याच्या दोन गोष्टी मला नेहमी आठवतात. पहिली फ्रेडराइखच्या ॲटॅक्सियाची. १८६३ साली हायडेलबर्गच्या फ्रेडराइखने वर्णन केलेला आजार: वयात येताना पाय अडखळायला लागतात, बोलणं जड होतं, हृदय थकतं. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं, त्यावरून बनणाऱ्या प्रथिनाला फ्रॅटॅक्सिन नाव मिळालं, पण ते करतं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. यीस्टमध्ये त्याचं भावंड, म्हणजे तशाच घडणीचं जनुक, निघालं. पुढच्याच वर्षी ते यीस्टमधून काढून पाहिलं तर ग्लिसरीनवर काही उगवेना, आणि मायटोकॉन्ड्रियात लोह साचून राहिलेलं. रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूंत लोहाचे कण आधीच कुणाला तरी दिसले होते, तेव्हा त्यांचा अर्थ लागला नव्हता; आता लागायला लागला. फ्रॅटॅक्सिन हे लोह आणि गंधकाचे बारीक जुडगे बांधण्याच्या कामात लागतं, हे हळूहळू पुढे आलं. आणि माझी परळीची उपमा तुटते ती इथेच. यीस्टचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए अख्खा गेला तरी चालतं, श्वास गेला तरी चालतं. पण मायटोकॉन्ड्रियाच नाही असं यीस्ट जगत नाही. कारण हे लोह-गंधकाचे जुडगे तिथेच बांधले जातात आणि त्यांच्यावाचून पेशीच्या केंद्रकातली कामंसुद्धा अडतात. वीज बंद झालेल्या त्या केंद्रात काहीतरी वेगळंच बनत होतं, आणि घर खरं तर त्याच्यावर उभं होतं. हे नीटच्या पेपरात येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मला प्रिय, कारण तिची सुरुवात आजारापासून होतच नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठात जॅरेड रटर यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमधली अशी प्रथिनं निवडली, जी मायटोकॉन्ड्रियात असतात, उत्क्रांतीत टिकून राहिलीत, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं करतात, पण काय करतात ते माहीत नाही. त्यातलं एक असंच, कुणी फारसं न विचारलेलं. ते काढल्यावर यीस्टचं श्वसन अडतं, आणि सक्सिनेट डिहायड्रोजनेज नावाच्या प्रथिनाला जो एक सहघटक चिकटावा लागतो तो चिकटत नाही, असं दिसलं. त्याला एसडीएच-५ म्हणायला लागले. मग कुणीतरी माणसाच्या जनुकांत त्याचं भावंड कुठे आहे ते पाहिलं. एका डच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानेत विशिष्ट गाठी होत होत्या, बापाकडून आलेला दोष असला तरच होणाऱ्या. गुणसूत्राचा तो पट्टा माहीत होता, जनुक सापडत नव्हतं. ते भावंड नेमकं त्याच पट्ट्यात बसलेलं. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. काम अज्ञात, असा शेरा असलेल्या एका ओळीपाशी कुणीतरी थांबलं म्हणून हे झालं. आपल्याकडे संशोधनाच्या अर्जात 'अपेक्षित उपयोग' नावाचा रकाना असतो. त्यात त्यांनी काय लिहिलं असतं, असं मला दरवेळी वाटतं.

या गोष्टी सांगताना माझा उत्साह वाढत जातो आणि मग थोडी शरम वाटते. कारण पुढचं वाक्य सांगावं लागतं. फ्रॅटॅक्सिनचं लोह दिसल्यावर लोह काढून टाकणारी औषधं देऊन पाहिली गेली. आजार बरा झाला नाही. २०२३ साली अमेरिकेत या आजारासाठी पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली, ओमाव्हेलोक्सोलोन. तेही आजाराचा वेग कमी करतं आणि ते आलं वेगळ्या वाटेने, यीस्टच्या बशीतून नव्हे. यीस्टला मेंदू नाही, चालणं नाही, वाचा नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात ताप येऊन गेल्यावर चालणारं लेकरू चालायचं का थांबतं, मेंदूचा तोच भाग का करपतो, हे यीस्ट कधीच सांगणार नाही. शिवाय श्वसनसाखळीतला पहिला आणि सगळ्यात मोठा दुवा, कॉम्प्लेक्स वन, पावाच्या यीस्टमध्ये नाहीच. तिथे त्याने एका साध्या प्रथिनावर भागवलेलं आहे. लहान मुलांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत पुष्कळांचं मूळ याच कॉम्प्लेक्स वनमध्ये असतं. त्या घरांसाठी आमचं यीस्ट मुकं आहे. दुसऱ्या जातीचं यीस्ट घ्यावं लागतं, यारोविया नावाचं, त्यात तो दुवा असतो.

म्हणून घरी आल्यावर मी पहिल्यांदा एवढंच पाहिलं, की अहवालातलं जनुक यीस्टकडे आहे का. जनुकाचं नाव इथे सांगत नाही, ते त्यांचं आहे.

होतं. रात्री साडेअकराला मी एकटीच हसले. नवरा म्हणाला, काय झालं, मी म्हटलं, भावंड सापडलं. मग दोन्ही प्रथिनांची अक्षरं एकाखाली एक लावली. माणूस वर, यीस्ट खाली. आपल्यात आणि यीस्टमध्ये शंभर कोटी वर्षांचं अंतर धरतात, तरी काही पट्टे अक्षर न् अक्षर सारखे होते. असं बघताना दरवेळी अंगावर काटा येतो, सवयीने तो जात नाही. मधला भाग जुळत नव्हता. आणि मुलीचा बदल होता तो नेमका न जुळणाऱ्या भागाच्या काठावर. माणसात तिथे एक अमिनो आम्ल, यीस्टमध्ये दुसरंच, आणि मुलीत झालेला बदल तिसराच. तो बदल यीस्टच्या जागेवर तसाच बसवून पाहायची सोपी वाट बंद. राहिली दुसरी: यीस्टचं जनुक काढायचं, माणसाचं अख्खं बसवायचं, ते चालतंय का बघायचं, चाललं तर त्यात मुलीचा बदल करून पुन्हा बघायचं. माणसाची जनुकं यीस्टमध्ये चालतात का, याची मोठी तपासणी २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठात झाली होती. यीस्ट ज्यांच्यावाचून मरतं अशा चारशेहून अधिक जनुकांच्या जागी माणसाची बसवली, त्यांतली निम्म्याच्या जवळपास चालली. निम्मी हा आकडा वाचणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे खूप वाटतो किंवा काहीच नाही. त्या रात्री मला तो काहीच नाही असा वाटला.

हा प्रयोग आमच्या कॉलेजात होण्यासारखा नाही. निर्जंतुकीकरणाला आम्ही अजून मोठा कुकर वापरतो. ज्यांच्याकडे होऊ शकतो अशा दोन ठिकाणी लिहिलं. एकीकडून उत्तर आलं, सौजन्याने भरलेलं, की पेशंटच्या नमुन्यासाठी परवानग्या लागतील आणि यादी लांब आहे. दुसरीकडे एक मुलगी आहे, नांदेडकडची, तिने आपला डॉक्टरेटचा विषय सांभाळून करून बघते म्हटलंय. माणसाचं जनुक यीस्टमध्ये बसलं आहे. त्यावर ग्लिसरीनमध्ये किंचित वाढ दिसते, पण मूळ यीस्टइतकी नाही. आता मुलीचा बदल केलेलं जनुक त्याच्याशेजारी ठेवायचं. किंचित वाढीत आणखी किंचित घट झाली तर ती दिसेल का, आणि दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा का, यावर आमची फोनवर भांडणं होतात. ती म्हणते, ठेवायचा. मी म्हणते, ऑक्सिजन किती खर्च होतो ते मोजल्याशिवाय नाही. तिचं वय असताना मीही तिच्याच बाजूने बोलले असते.

वडिलांना मी फोन केला तेव्हा त्यांची रात्रपाळी होती, मागे सेंट्रिफ्यूजचा आवाज येत होता. सांगितलं, की हा बदलच कारण आहे असं आज मी सांगू शकत नाही, तपास चालू आहे, त्याला वेळ लागेल आणि शेवटी उत्तर न मिळण्याचीही शक्यता आहे. सुनेचा दोष असा काही नाही, दोघांकडून सारखंच आलंय, हे मात्र ठाम सांगितलं आणि ते घरी मोठ्याने सांगा असंही म्हटलं. ते म्हणाले, "व्हय मॅडम, ते पयलं सांगतो." मग विचारलं, की धाकटी बहीण पोटुशी आहे, तीही नात्यातच दिलीय, तर तिचं रक्त तपासावं का? मी डॉक्टरांकडे पाठवलं. या एका प्रश्नाचं उत्तर अहवालातल्या त्या ओळीवर अडलेलं आहे, हे त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं. बदल खरा दोषी ठरला तर पुढच्या लेकराचं आधी सांगता येईल. नाही ठरला, तर कुणाच्या गर्भाबद्दल काय सांगायचं? अनिश्चित बदलावरून गर्भ ठेवायचा की नाही असा निर्णय कुणी घेऊ नये, हे माझं मत. पण घरात दोन वर्षं आजारी लेकरू सांभाळलेल्या माणसापुढे ते मत मांडायला जीभ जड होते.

यंदा तृतीय वर्षाच्या मुलांना मी पेटीटचा प्रयोग दिला. बेकरीतून यीस्ट, मेडिकलमधून ग्लिसरीन, कुकर आहेच. एका मुलाच्या बशीत ग्लुकोजवर बारीक दिसलेली एक वसाहत ग्लिसरीनवरही जेमतेम उगवली, म्हणजे ना धड पेटीट ना धड शाबूत. मी त्याला पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. त्याने प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं, "सांगता येत नाही, श्वसनाचा वेग मोजावा लागेल." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून दोन गुण कापले आणि समासात लिहिलं, की निष्कर्ष स्पष्ट असावा. मुलगा हिरमुसला होता. परीक्षकांशी मी बोलले, ते बधले नाहीत. त्यांच्या हातात पन्नास जर्नलं होती आणि सव्वापाचची गाडी पकडायची होती. अंतर्गत गुण माझ्या हातात असतात, त्यातले त्याला पूर्ण दिले. ती वसाहत त्याने फ्रीजमध्ये जपून ठेवलीय आणि सुट्टीत ऑक्सिजन मोजायला कुठे मिळेल ते विचारत फिरतोय.